प्राध्यापकपदाची वाट: वैद्यकीय महाविद्यालयातल्या बढतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी ज्युनियर सहकाऱ्यांच्या बढतीच्या फायली वाचून देतो. फोन बहुतेक रात्री दहानंतर येतात, ओपीडी, राउंड आणि घरचं आवरल्यावर. प्रश्न पुन्हा पुन्हा तेच असतात, म्हणून इथे एकत्र लिहिले आहेत. भर महाराष्ट्रातल्या शासकीय महाविद्यालयांवर आहे. खासगी, अभिमत, गोवा आणि एम्ससाठी प्रश्न १६ पाहा. नियम बदलत राहतात, त्यामुळे अर्ज करायच्या दिवशी लागू असलेलं राजपत्र स्वतः उघडून वाचा, व्हॉट्सॲपवर आलेला सारांश नव्हे.

१. एमडी झाल्यावर प्राध्यापक व्हायला कमीत कमी किती वर्षं लागतात?

आठ. एक वर्ष सीनियर रेसिडेंट (एसआर, म्हणजे पीजीनंतरचा निवासी डॉक्टर), चार वर्षं सहायक प्राध्यापक, तीन वर्षं सहयोगी प्राध्यापक. त्याआधी इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच आणि पीजीची, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाची, तीन वर्षं. म्हणजे अठराव्या वर्षी प्रवेश मिळालेला आणि कुठेही न अडकलेला माणूस पस्तिशीला पात्र होतो. असा माणूस मला अजून भेटलेला नाही. नीटची तयारी, बाँड (सक्तीची शासकीय सेवा), एसआरशिपची वाट यांत दोन-तीन वर्षं सहज जातात. पीजीनंतरचा बाँड मान्यताप्राप्त महाविद्यालयात एसआर म्हणून पूर्ण केला, तर निदान ते वर्ष उपयोगी पडतं. शक्य असेल तर तसाच करा.

२. नियम नक्की कोणाचा चालतो? एनएमसीचा, शासनाचा की विद्यापीठाचा?

तिघांचाही, पण प्रत्येकाचा प्रश्न वेगळा असतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, म्हणजे एनएमसी, २०२० मध्ये भारतीय वैद्यक परिषदेच्या, म्हणजे एमसीआयच्या जागी आला. त्या पदावर बसण्याची किमान पात्रता तुमच्यात आहे का, एवढंच तो सांगतो. पद रिकामं आहे का आणि त्यावर तुमचा हक्क आहे का, हे नोकरी देणारा ठरवतो. शासकीय महाविद्यालयात हे काम वैद्यकीय शिक्षण विभाग आणि लोकसेवा आयोग यांचं. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ संलग्न महाविद्यालयांतल्या शिक्षकांना मान्यता देतं. परीक्षक आणि पीजी गाइड होण्यासाठी तिची गरज लागते.

हा फरक डोक्यात पक्का बसवा. खालची बरीच उत्तरं त्यावरच उभी आहेत.

३. माझी पात्रता पूर्ण होऊन चार वर्षं झाली. ऑर्डर का निघत नाही?

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्यामागचा थकवा मला समजतो.

एनएमसीची पात्रता पूर्ण झाली म्हणजे तुम्ही रांगेत उभं राहायला लायक झालात. रांग पुढे सरकण्यासाठी वर मंजूर पद रिकामं हवं. पद रिकामं झालं की त्या विषयाची ज्येष्ठता यादी अंतिम झालेली हवी, बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांचा क्रम) तपासून घेतलेली हवी, यादीतल्या सगळ्यांचे गोपनीय अहवाल (वरिष्ठांनी दरवर्षी लिहायचं कामाचं मूल्यमापन) पूर्ण हवेत. मग विभागीय पदोन्नती समितीची बैठक होते, निवडसूची तयार होते आणि त्यानंतर पदस्थापना. यातली एक कडी अडली की सगळेच अडतात. तुमच्या वरच्या माणसाचे दोन वर्षांचे अहवाल लिहिलेले नसतील, तर तुमची फाइलही त्याच टेबलावर पडून राहते. ज्येष्ठता यादीवर कोणी हरकत घेतली तर तीच गत.

म्हणून ‘माझं काय झालं?’ असं विचारू नका. त्याला ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढंच उत्तर मिळतं. तीन नेमके प्रश्न लेखी विचारा. माझ्या विषयाची अंतिम ज्येष्ठता यादी कोणत्या दिनांकाची आहे? पदोन्नतीच्या कोट्यातली किती पदं रिक्त आहेत? माझे कोणत्या वर्षांचे अहवाल अप्राप्त आहेत? माहिती अधिकारातही हेच विचारता येतं.

एक आशेची बाजूही आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकदम दहा नवी शासकीय महाविद्यालयं सुरू झाली. त्यात गडचिरोली, वाशिम, हिंगोली, बुलढाणा, भंडारा, जालना ही नावं आहेत. प्रत्येक नव्या महाविद्यालयाबरोबर वरची पदंही मंजूर होतात. पण ती पदं बहुतेक अशा गावांत असतात, पुण्या-मुंबईत क्वचितच. त्याबद्दल प्रश्न १७ मध्ये.

४. पदोन्नतीची वाट न पाहता थेट प्राध्यापक होता येतं का?

येतं. सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक ही पदं काही प्रमाणात लोकसेवा आयोगामार्फत नामनिर्देशनाने, म्हणजे सरळसेवेनेही भरली जातात. जाहिरात विषयवार येते. त्यात तुम्ही खुल्या स्पर्धेत असता. बाहेरचा उमेदवारही अर्ज करू शकतो आणि मुलाखत निर्णायक ठरते. सेवेत असाल तर अर्ज वरिष्ठांमार्फत पाठवा आणि ना हरकत प्रमाणपत्र वेळेत मागा. माझा सल्ला असा की पात्र झाल्यावर दोन्ही दारं ठोठवा. पदोन्नती होईलच म्हणून जाहिरात सोडून दिलेले आणि मग हळहळलेले कितीतरी जण मी पाहिले आहेत.

५. शोधनिबंध किती लागतात, आणि कोणते धरले जातात?

सहयोगी प्राध्यापकासाठी दोन. प्राध्यापकासाठी एकूण चार, त्यातले किमान दोन सहयोगी प्राध्यापक असतानाचे. नियमांच्या २०२० च्या सुधारणेपासून हाच हिशेब रुळला आहे. मूळ संशोधन, मेटा-ॲनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आणि केस सिरीज धरतात. एकट्या रुग्णाचा केस रिपोर्ट, संपादकाला पत्र, परिषदेतलं पोस्टर, पुस्तकातलं प्रकरण आणि साधा आढावा लेख यांत बसत नाही.

गल्लत होते ती ‘किमान दोन’ या शब्दांपाशी. सहायक असतानाच कोणी पाच निबंध छापले आणि सहयोगी झाल्यावर एकही नाही, तर पाच असूनही तो अपात्र. आणि छापलेला म्हणजे प्रसिद्ध झालेला. स्वीकारपत्रावर विसंबू नका. जर्नलला पाठवल्यापासून प्रसिद्ध होईपर्यंत वर्ष जाऊ शकतं, म्हणून सहयोगी प्राध्यापक झाल्याच्या पहिल्याच वर्षी कामाला लागा.

६. अमुक जर्नल चालेल का?

जर्नलचं नाव किती भारदस्त आहे याने फरक पडत नाही. ते कुठल्या सूचीत आहे ते पाहतात. मेडलाइन, पबमेड सेंट्रल, सायटेशन इंडेक्स, सायन्स सायटेशन इंडेक्स, एम्बेस, स्कोपस आणि डीओएजे या त्या सूची. २०१५ च्या एमसीआयच्या यादीत इंडेक्स कोपर्निकस होतं, २०२० मध्ये ते वगळलं गेलं. त्यामुळे जुन्या सिनियरचा ‘आमच्या वेळी चाललं होतं’ हा अनुभव तेव्हाचा खरा असला, तरी तुमच्या कामाचा नाही. ‘यूजीसी मान्य’ असा शिक्का असणं हीदेखील एनएमसीची सूची नव्हे.

तपासायची पद्धत सोपी आहे. जर्नलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या चिन्हांवर विश्वास ठेवू नका. स्कोपसच्या किंवा डीओएजेच्या साइटवर जाऊन आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळख क्रमांक टाका. निबंध प्रसिद्ध झाला त्या दिवशी जर्नल सूचीत होतं, याचा दिनांकासह स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून फाइलला लावा. जर्नल नंतर सूचीतून बाहेर पडतात आणि मग पुरावा द्यायची पाळी आपल्यावर येते.

आठवड्यात छापून देतो म्हणून पैसे मागणारे ईमेल सरळ डिलीट करा. एका हुशार मुलीचे दोन निबंध असे वाया गेलेले मी पाहिले आहेत. तिचं काम उत्तम होतं, ते दुसरीकडे सहज छापलं गेलं असतं. पण एकदा छापलेला निबंध पुन्हा पाठवता येत नाही.

७. निबंधात माझं नाव चौथं आहे. धरतील का?

तुम्ही कॉरस्पॉन्डिंग ऑथर (जर्नलशी पत्रव्यवहार करणारा लेखक) असाल तर हो, नसाल तर नाही. पहिले तीन लेखक किंवा कॉरस्पॉन्डिंग ऑथर, एवढेच मोजले जातात.

या अटीमुळे विभागांत नावांच्या क्रमावरून भांडणं होतात आणि काम न केलेल्या विभागप्रमुखांचं (एचओडींचं) नाव दुसऱ्या क्रमांकावर जातं. हे चूक आहे, कितीही रूढ असलं तरी. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे निकष स्पष्ट आहेत. कामात भरीव वाटा, मजकूर लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि संपूर्ण कामाची जबाबदारी, या चारही गोष्टी असतील तरच लेखक. नावांचा क्रम प्रोटोकॉल लिहितानाच कागदावर ठरवा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. विद्यार्थ्याचा प्रबंध असेल तर पहिलं नाव विद्यार्थ्याचं. गाइड म्हणून तुम्ही कॉरस्पॉन्डिंग ऑथर राहिलात तर तुमचंही नुकसान होत नाही.

८. जुन्या केसपेपरांवरून पेपर लिहायचा आहे. एथिक्स कमिटीची परवानगी लागते का?

लागते, आणि नोंदी गोळा करण्याआधीची लागते. ‘फक्त फायलीच तर पाहायच्या आहेत’ म्हणून अर्ज न करणारे बरेच असतात. अशा अभ्यासाला रुग्णाच्या संमतीतून सूट मिळू शकते, पण ती सूट द्यायचा अधिकार समितीचा आहे, आपला नाही. चाचणी करणार असाल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी हवी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंद होत नाही, आणि चांगली जर्नल नोंदणीशिवायची चाचणी घेत नाहीत.

९. बीसीबीआर आणि एमईटी दोन्ही करावे लागतात का? कुठे करायचे?

दोन्ही करा, आणि सहायक प्राध्यापक असतानाच. सहयोगी प्राध्यापकाच्या पायरीवरच ते मागितले जातात. बीसीबीआर हा जैववैद्यकीय संशोधनाचा मूलभूत अभ्यासक्रम. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था तो ऑनलाइन चालवते. व्याख्यानं घरी बसून ऐकता येतात, परीक्षा मात्र ठरलेल्या दिवशी द्यावी लागते. वैद्यकीय शिक्षणाचा मूलभूत अभ्यासक्रम, ज्याला सगळे अजून एमईटीच म्हणतात, तो एनएमसीने नेमलेल्या केंद्राच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष हजर राहून करायचा असतो. त्याच्या जागा मोजक्या असतात. तुमच्या महाविद्यालयाच्या शिक्षण विभागात आजच नाव नोंदवा.

बीसीबीआर नुसतं प्रमाणपत्रासाठी उरकू नका. नमुना किती घ्यायचा आणि कुठली सांख्यिकी चाचणी लावायची हे त्यात नीट शिकवतात, आणि प्रश्न ५ मधले चार निबंध लिहिताना तेच कामी येतं.

१०. मी तीन वर्षं कंत्राटी सहायक प्राध्यापक होतो. ती वर्षं धरतात का?

दोन उत्तरं आहेत. एनएमसीच्या अनुभवासाठी धरतात. अट एवढीच की पद त्याच विषयाचं आणि पूर्णवेळ असावं, नियुक्तीचे आदेश सलग असावेत, आणि वेतन बँकेत जमा झाल्याचा व आयकर कापल्याचा पुरावा असावा. शासनाच्या ज्येष्ठतेसाठी सर्वसाधारणपणे नियमित नियुक्तीच्या दिनांकापासूनच मोजतात. त्यामुळे सात वर्षांच्या अनुभवाचा माणूस ज्येष्ठता यादीत चार वर्षांच्या माणसाखाली दिसू शकतो. त्याला हा अपमान वाटतो, आणि वाटणारच. पण यादी वेगळ्या नियमाने चालते.

दोन आदेशांमधला एक-दोन दिवसांचा तांत्रिक खंड हे जुनं दुखणं आहे. प्रत्येक आदेशाची प्रत, रुजू अहवाल आणि कार्यमुक्ती आदेश जपून ठेवा. माझ्या एका जुन्या संस्थेतून मला सहा महिन्यांचं अनुभव प्रमाणपत्र मिळवायला चौदा महिने लागले. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की कार्यमुक्त होण्याच्या दिवशीच ते हातात घ्या.

११. प्रसूती रजा किंवा दीर्घ रजा घेतली तर बढती मागे पडते का?

राज्य शासनाच्या सेवेत प्रसूती रजा १८० दिवसांची, पूर्ण पगारी असते आणि इतर रजांच्या खात्यातून वजा होत नाही. तिच्याने सेवेत खंड पडत नाही आणि ज्येष्ठताही ढळत नाही. कोणी ‘तुमचे सहा महिने धरणार नाही’ असं तोंडी सांगितलं, तर लेखी द्यायला सांगा. बहुतेकदा विषय तिथेच संपतो. विनावेतन असाधारण रजेचं मात्र तसं नाही. ती वैद्यकीय कारणासाठी की खासगी, यावर हिशेब बदलतो, म्हणून मंजुरीच्या आदेशात कारण नीट लिहून घ्या.

१२. गोपनीय अहवाल खराब आला, किंवा चौकशी सुरू आहे. आता काय?

अहवाल चांगला असो की वाईट, तो तुम्हाला कळवायलाच हवा. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देवदत्त प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. ‘चांगला’ हा शेराही निकषापेक्षा कमी पडत असेल तर तो नुकसान करतो. प्रत हातात आली की मुदतीत अभिवेदन द्या. पुरावे जोडा, रागाची वाक्यं काढून टाका.

चौकशीचं म्हणाल तर नुसती तक्रार किंवा प्राथमिक चौकशी असल्याने पदोन्नती रोखता येत नाही. १९९१ च्या जानकीरामन निकालानुसार दोषारोपपत्र बजावल्यानंतरच मोहोरबंद पाकिटाची पद्धत लागू होते. समिती तुमचा विचार करते, निष्कर्ष पाकिटात बंद ठेवते आणि निर्दोष सुटलात की ते उघडलं जातं. पाकीट वर्षानुवर्षं बंदच राहिलं, तर दाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये मागता येते.

१३. डीएम किंवा एमसीएच केलेल्यांना वेगळा नियम आहे का?

आहे. या एमडी-एमएसनंतरच्या सुपरस्पेशालिटी पदव्या. सुपरस्पेशालिटी विभागात सहायक म्हणून दोन वर्षांनी सहयोगी आणि त्यानंतर तीन वर्षांनी प्राध्यापकपदाची पात्रता येते. अडचण असते ती डीएम करूनही जनरल मेडिसिनमध्येच नेमणूक असलेल्यांची. एनएमसीच्या २०२५ च्या नियमांनी अशा शिक्षकांना त्यांच्या सुपरस्पेशालिटी विभागात शिक्षक म्हणून पदनाम देण्याची वाट उघडली आहे. अर्थात तसा विभाग आणि मंजूर पद असायला हवं. पुन्हा प्रश्न ३.

१४. मी एमएससी, पीएचडी आहे, एमबीबीएस नाही. प्राध्यापक होता येईल का?

शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या विषयांत होता येतं. सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधशास्त्राचं दार मध्यंतरी बंद झालं होतं, २०२५ च्या नियमांनी ते पुन्हा उघडलं. विभागातल्या अशा पदांच्या संख्येवर मर्यादा असते, म्हणून रुजू होण्याआधी तिथे जागा शिल्लक आहे का ते विचारा. या मंडळींनी कितीतरी महाविद्यालयांतले प्रथम वर्षाचे वर्ग वर्षानुवर्षं सांभाळले आहेत. त्यांना दुय्यम वागवणाऱ्या सहकाऱ्यांनी हे विसरू नये.

१५. मी जिल्हा रुग्णालयात बारा वर्षं सर्जन आहे. शिकवण्याचा अनुभव नाही. मला काही मार्ग आहे?

जुलै २०२५ पासून आहे. किमान २२० खाटांच्या शासकीय रुग्णालयात दहा वर्षं काम केलेले तज्ज्ञ सहयोगी प्राध्यापक होऊ शकतात, दोन वर्षं केलेले सहायक प्राध्यापक. एसआरशिपची अट नाही, मात्र बीसीबीआर दोन वर्षांत पूर्ण करावा लागतो. म्हणजे तुम्ही थेट मधल्या पायरीवर येता. पुढची, प्राध्यापकाची पायरी चढताना मात्र सहयोगी म्हणून वर्षं आणि निबंध लागतातच.

या बदलावर शिक्षकांमध्ये नाराजी आहे. चार वर्षं वर्ग घेऊन सहयोगी झालेल्यांचा राग मी समजू शकतो. पण जिल्हा रुग्णालयात रात्री दोन वाजता एकट्याने पोट उघडलेल्या सर्जनकडे शिकवण्यासारखं पुष्कळ असतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. त्याला शिकवण्याचं तंत्र शिकवा, म्हणजे झालं.

१६. खासगी महाविद्यालय, अभिमत विद्यापीठ, गोवा, एम्स, मुंबई महापालिका: सगळीकडे हेच लागू होतं का?

एनएमसीची किमान पात्रता जवळजवळ सगळीकडे तीच. पुढची प्रक्रिया वेगळी. संलग्न खासगी महाविद्यालयात निवड समिती आणि विद्यापीठाची मान्यता लागते. अभिमत विद्यापीठ स्वतःची समिती नेमतं आणि तिथे बढती बऱ्यापैकी वेळेवर होते. पण आदेशातलं पदनाम, वेतन आणि मान्यतापत्र एकमेकांशी जुळतात का ते पाहा. एकाच वेळी दोन महाविद्यालयांच्या यादीत नाव द्यायला कोणी सांगितलं तर ठाम नकार द्या. त्यात नोंदणी जाऊ शकते. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात भरती गोवा लोकसेवा आयोगामार्फत होते. केईएम, सायन, नायर, कूपर ही पालिकेची महाविद्यालयं, तिथे पालिकेची सेवा आणि पालिकेचीच ज्येष्ठता. नागपूरच्या एम्ससह सगळ्या एम्समध्ये सहयोगी आणि प्राध्यापक यांच्यामध्ये ‘अतिरिक्त प्राध्यापक’ ही आणखी एक पायरी असते. तिथली बढती मूल्यमापनावर चालते, पद रिकामं होण्याची वाट पाहावी लागत नाही.

१७. बढती मिळाली, पण गाव दूरचं. नाकारली तर?

नाकारता येते, पण लेखी नकाराचा परिणाम निवडसूचीतल्या नावावर होतो आणि मागचा माणूस पुढे जातो. सही करण्याआधी त्या वेळी लागू असलेला शासन निर्णय वाचा. आई-वडिलांचं आजारपण किंवा जोडीदाराची नोकरी ही खरी कारणं असतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण नुसत्या भीतीपोटी नाकारत असाल तर एकदा तिथे जाऊन या. नव्या महाविद्यालयात विभाग आपल्या हाताने उभा करता येतो आणि एचओडीचं काम लवकर हाती येतं. पुढे अधिष्ठाता (डीन) व्हायचं असेल तर प्राध्यापक म्हणून किमान पाच वर्षं लागतात, आणि ती पाच वर्षं तुम्ही रुजू झाल्याच्या दिवसापासून मोजली जातात.

१८. माझ्या कनिष्ठाला आधी बढती दिली गेली. माझा दिनांक मागे नेता येतो का?

तुमचा विचार व्हायला हवा होता आणि प्रशासकीय चुकीमुळे तो झाला नाही, असं दाखवता आलं तर ‘मानीव दिनांक’ मिळतो. म्हणजे कनिष्ठाला बढती मिळाली तोच दिनांक ज्येष्ठतेसाठी तुम्हाला मानला जातो. अर्जासोबत दोघांची ज्येष्ठता यादीतली क्रमांकांची पानं, कनिष्ठाचा पदोन्नती आदेश आणि त्या दिवशी तुम्ही एनएमसीच्या निकषांनुसार पात्र होता याचे पुरावे जोडा. बहुतेक अर्ज या शेवटच्या मुद्द्यावर पडतात. त्या दिवशी चौथा निबंध प्रसिद्ध झालेला नसेल, तर कनिष्ठाला पुढे नेणं चूक ठरत नाही. मागच्या काळातल्या वेतनाची थकबाकी मिळेलच असं धरून चालू नका, तिचा निर्णय स्वतंत्र होतो. आणि उशीर करू नका. कनिष्ठाचा आदेश निघाला त्याच महिन्यात अर्ज आवक-जावकमध्ये देऊन पोच घ्या. पाच वर्षांनी मॅटमध्ये गेल्यावर पहिला प्रश्न येतो: इतके दिवस कुठे होता?